कार्डावर 'एक्सलंट', लॅबमध्ये 'गुड' : हिऱ्याच्या कटवरून दाद मागता येते का?

प्रश्न : मी कराडला राहते. चौदा महिन्यांपूर्वी मुलीच्या साखरपुड्यासाठी पुण्यातल्या एका पेढीतून एका खड्याची हिऱ्याची अंगठी घेतली. बिल २,८४,००० रुपयांचं. हिरा गोल, ०.७१ कॅरेट. पेढीच्या स्वतःच्या कार्डावर 'कट : एक्सलंट' आणि खाली 'ग्रेडिंग जीआयए निकषांनुसार' असं छापलं आहे. हिरा मध्यभागी मंद वाटायचा, म्हणून ओळखीच्या सोनाराकडून काढून घेतला आणि मुंबईच्या लॅबमध्ये तपासला. अहवालात कट 'गुड' आला. पेढी म्हणते, "हा आमचा हिराच नव्हे. अंगठीवर हॉलमार्क आहे, आणि विकलेला माल परत घेत नाही असं बिलावर लिहिलंय." फार तर वीस टक्के कापून बदलून देतो म्हणतात. पोलिसांत जावं का? आणि मुलगी विचारते, अंगठी घालू की नको?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेले तिन्ही कागद, म्हणजे बिल, कार्ड आणि लॅबचा अहवाल, शेजारी शेजारी ठेवून वाचले. तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बळकट आहे, आणि ती बळकट करणारा कागद पेढीनेच दिलेला आहे.

आधी कटचं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कट म्हणजे आकार नव्हे. पैलू कोणत्या कोनात आणि कोणत्या प्रमाणात पाडलेत, त्यावर वरून आत गेलेला प्रकाश परत वर येतो की खालून निसटतो हे ठरतं. जीआयए, म्हणजे हिऱ्यांची प्रतवारी करणारी अमेरिकेतली संस्था, २००६ पासून गोल ब्रिलियंट हिऱ्याला कटची श्रेणी देते : एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर. ती देताना उजळपणा, रंगांची झळक, हलवल्यावरची लुकलुक, व्यासाच्या मानाने वजन, टिकाऊपणा, पॉलिश आणि सिमेट्री अशा सात गोष्टी पाहतात. तुमचा हिरा गोल आहे हे बरं झालं. ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी गोल हिऱ्यासाठीच आहे. अंडाकृती असता तर 'जीआयए निकषांनुसार एक्सलंट' या शब्दांना धरून भांडणं अवघड गेलं असतं.

श्रेणी हे शेवटी तज्ज्ञाचं मत असतं. दोन लॅबमध्ये एका पायरीचा फरक पडतो, आणि पेढीचा वकील ग्राहक आयोगापुढे पहिलं वाक्य हेच म्हणेल. म्हणून 'एक्सलंट विरुद्ध गुड' एवढ्यावरच तक्रार उभी करू नका. व्यास, उंची, कोन या गोष्टी स्कॅनर मोजतो, त्यात मताचा भाग फार थोडा. भर त्या आकड्यांवर द्या.

आता पेढीचं कार्ड हातात घ्या. 'कट' या रकान्याच्या खाली बारीक अक्षरात माप छापलं आहे : ५.५८ – ५.६२ × ३.६५ मिमी. पहिले दोन आकडे व्यासाचे, तिसरा उंचीचा. उंचीला सरासरी व्यासाने भागा. ३.६५ भागिले ५.६० म्हणजे ६५.२ टक्के. जीआयएच्या पद्धतीत एक्सलंटसाठी ही खोली साधारण ५७.५ ते ६३ टक्क्यांच्या आत लागते. म्हणजे ज्या कार्डावर एक्सलंट लिहिलं, त्याच कार्डावरचं माप त्या शब्दाला खोटं पाडतं. त्यासाठी लॅबचीही गरज नाही, साधा भागाकार पुरतो.

यामुळे तुमचं नुकसान कसं झालं तेही आयोगाला दाखवता येतं. नीट कापलेल्या ०.७१ कॅरेट गोल हिऱ्याचा व्यास ५.७ ते ५.८ मिमीच्या आसपास असतो. तुमचा ५.६०. वजन तेवढंच, पण बरंचसं खालच्या खोल भागात आणि जाड गर्डलमध्ये, म्हणजे हिऱ्याच्या भोवतालच्या कडेत, गेलेलं. अहवालात खालच्या भागाचा कोन ४२.२ अंश आहे. एक्सलंटसाठी तो ४१.८ च्या वर चालत नाही. तुम्ही पैसे कॅरेटवर मोजलेत आणि हिरा मात्र वरून लहान आणि मध्यभागी मंद दिसतो. तुमच्या डोळ्यांनी जे टिपलं ते बरोबर होतं.

'हा आमचा हिराच नव्हे' हा त्यांचा खरा बचाव आहे, आणि तो मी हलका समजत नाही. तुम्ही हिरा परस्पर काढून घेतला, ही चूक झाली. पेढीला कळवून, त्यांच्या समोर काढायला हवा होता. गर्डलवर लेझरने कोरलेला नंबरही नाही. पण लॅबच्या अहवालातलं माप पाहा : ५.५८ – ५.६१ × ३.६५, वजन ०.७१, रंग आणि क्लॅरिटीही (आतली निर्मळता) कार्डाप्रमाणेच. खडा बदलणारा माणूस शंभराव्या भागापर्यंत जुळणारा दुसरा खडा कुठून आणणार? ज्या सोनाराने हिरा काढला त्याचं प्रतिज्ञापत्र आजच करून घ्या : कोणत्या तारखेला, कोणासमोर काढला, कशात बांधून दिला. लॅबला पाठवल्याची पावतीही जोडा.

बाकीचे दोन मुद्दे किरकोळ आहेत. हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) हा सोन्याच्या शुद्धतेचा पुरावा, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. 'विकलेला माल परत नाही' ही ओळ खोट्या वर्णनाला संरक्षण देत नाही. वस्तू अमुक दर्जाची, अमुक श्रेणीची आहे असं खोटं सांगणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १५ सांगतं की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे.

वीस टक्के कापून बदलण्याच्या कागदावर सही करू नका. त्यात बहुतेक 'यापुढे कोणतीही तक्रार नाही' असं वाक्य असेल, आणि मग माझ्यासकट कोणीही वकील फारसं काही करू शकणार नाही.

पेढीला पंधरा दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. कार्डावरच्या मापाचा भागाकार नोटिशीतच मांडा. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पेढी पुण्याची असली तरी कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. कलम ३८(२)(क) खाली हिरा सीलबंद करून आयोगामार्फत लॅबकडे पाठवण्याचा अर्ज तक्रारीसोबतच द्या. तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल, पण त्या अहवालाला जे वजन येतं ते तुम्ही स्वतः आणलेल्या अहवालाला येत नाही.

मागणी मोजकी ठेवा. हिरा परत घेऊन त्याची किंमत व्याजासह, किंवा त्याच वजनाचा, रंगाचा आणि क्लॅरिटीचा एक्सलंट कटचा हिरा, स्वतंत्र लॅबच्या अहवालासह. त्यापुढे मनस्ताप आणि खर्च. सोन्याबद्दल तुमची तक्रार नाही, ती उगाच ओढू नका. पोलिसांत जाण्याचं तुम्ही विचारलंत. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनचा हेतू सिद्ध करावा लागतो, तो रस्ता लांबचा आहे. आज तरी नको.

मुदत खरेदीच्या दिवसापासून दोन वर्षं धरा. लॅबचा अहवाल आल्यापासून मोजता येईल असं तुम्हाला कोणी सांगेल. तो वाद अंगावर घेण्याचं कारणच नाही, हातात अजून दहा महिने आहेत.

मुलीला सांगा, हिरा लॅबच्या पाकिटातून बाहेर काढायचा नाही आणि कोंदणात परत बसवायचा नाही. अंगठी घालायचीच असेल, तर त्याच सोनाराकडून तात्पुरता साधा खडा बसवून घ्या आणि त्याची तारखेची पावती फाइलला लावा.