तुमच्या रडण्याने ते गेले नाहीत

ताई,

जिभेच्या कर्करोगाने तुमचे यजमान जाऊन आठ महिने झाले. शस्त्रक्रियेनंतर बोलता येत नसल्यामुळे ते पाटीवर लिहीत, आणि त्यांचे शेवटचे शब्द, ‘चहा घेतलास का?’, तुम्ही अजून पुसलेले नाहीत. त्याच्या तीन आठवडे आधी, एका रात्री नळीतून पातळ पेज देताना तुम्हाला त्यांच्यासमोर रडू कोसळले होते. तेराव्याला जाऊबाई सर्वांदेखत म्हणाल्या, ‘तू रडलीस, म्हणून भावोजींनी धीर सोडला.’ तेव्हापासून ‘माझ्या रडण्यानेच ते गेले का?’ या प्रश्नाने तुम्हाला झोप नाही, असे तुम्ही पत्रात लिहिले आहे.

ताई, तुमच्या रडण्याने त्यांचा आजार वाढला नाही. मन खंबीर ठेवले की कर्करोग हटतो, ही समजूत संशोधकांनी तपासून पाहिली आहे, आणि तीही डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये, ज्या गटात तोंडाचे कर्करोगही मोडतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,०९३ रुग्ण होते. त्यांपैकी ६४६ जण अभ्यासाच्या काळात दगावले. उपचारांच्या सुरुवातीला कोण उभारीत होते आणि कोण खचलेले होते, यावरून कोण किती जगेल हे सांगता आले नाही. जिथे खुद्द रुग्णाच्या मनःस्थितीने आयुष्य लांबले किंवा आखडले नाही, तिथे पत्नीच्या एका रात्रीच्या अश्रूंवर त्याचा भार टाकणे हा अन्याय आहे, आणि तो तुम्ही स्वतःवर करू नये असे मला कळकळीने वाटते. शिवाय ज्यांनी धीर सोडला असे म्हणतात, ते त्या रात्रीनंतर तीन आठवड्यांनीही तुमच्या चहाची चौकशी करत होते.

भाचीच्या हळदीत खळखळून हसलात आणि घरी येऊन त्याचीच लाज वाटली, असेही तुम्ही लिहिले आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ साली मांडले की दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो: कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, तर कधी बँकेची कामे, स्वयंपाक, लग्नकार्य यांत गुंततो, आणि ही ये-जाच त्याला सावरते. तेव्हा त्या हसण्याची लाज बाळगू नका. पाटी पुसण्याचीही घाई नको. गेलेल्या माणसाशी नाते तोडल्याखेरीज सावरता येत नाही, हे जुने मत अभ्यासकांनी केव्हाच मागे टाकले आहे.

काळजी वाटते ती तुमच्या झोपेची. आठ महिने सलग जागरण आणि तोच एक प्रश्न, हे एकटीने सोसण्याजोगे नाही. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, आणि रात्री जीव नकोसा वाटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे चोवीस तास मराठीतही बोलता येते.