चार तिकिटं काढ

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज ऐकला. भर पावसात कॉलेज रोडवरून गाडी मारत गेलास आणि खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, दोनच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल. पैसे परत मिळाले, सिनेमा राहिला. 'काका, नाशकात चांगलं काही बघणं शक्यच नाही,' असं म्हणालास. चिडणं बरोबर आहे. गेल्या महिन्यात माझंही असंच झालं. मी तर तुझ्या काकूला भरीस घालून नेलं होतं. परतताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

पण तू गेलास कधी? बुधवारी. तिथेच चुकलास. छोट्या सिनेमाला एखाददुसरा शो मिळतो, तोही भलत्याच वेळेला. शुक्रवार ते रविवार किती तिकिटं गेली यावर पुढच्या आठवड्याचं गणित बसतं. परीक्षणं वाचून, चार जणांना विचारून, मग सवडीने जाऊ म्हणशील तर तोवर सिनेमा उतरलेला असतो. नट्यांचे कपडे आणि गल्ल्याचे आकडे यांच्या बातम्या वाचायला तुला वेळ मिळतो, तेव्हा गुरुवारी रात्री तिकीट काढायलाही मिळेल. आधी काढलेलं तिकीट त्यांना दिसतं. ऐन वेळी पोचलेला माणूस दिसत नाही.

आमच्या वेळचं सांगतो, पण 'आमच्या वेळी सगळं छान होतं' हे ऐकायची तयारी ठेवू नकोस, कारण नव्हतं. विजयानंद, चित्रमंदिर, मधुकर, सर्कल, हेमलता अशी थिएटरं होती, गर्दी होती, ब्लॅकवालेही होते. पण सत्यजित राय बघायचे तर फिल्म सोसायटीशिवाय गत्यंतर नव्हतं. वर्षाची वर्गणी, भाड्याचा हॉल, लोखंडी खुर्च्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून १६ मिलिमीटरची प्रिंट यायची. पत्र्याचे गोल डबे, त्यांवर खडूने घातलेले आकडे. डबा उघडला की आंबूस वास यायचा. खोलीतच मांडलेल्या प्रोजेक्टरची खडखड इतकी, की पुढच्या चार रांगांनाच संवाद नीट ऐकू येत.

एकदा डबे लावायचं काम माझ्याकडे होतं. खडू पुसला गेला होता. मी दुसऱ्या रिळाच्या जागी तिसरं चढवलं. मेलेला म्हातारा पाऊण तासाने अंगणात हुक्का ओढत बसलेला दिसला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. कुणी उठलं नाही. चर्चेत एक प्राध्यापक काळाच्या मोडतोडीवर दहा मिनिटं अप्रतिम बोलले. मी गप्प राहिलो, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवसापासून सिनेमावर जोरात बोलणाऱ्यांची भीती गेली. तूही चर्चेत सिद्धान्त मांडू नकोस. काय दिसलं ते सांग: कुठला हात, कुठलं दार, कुठे आवाज बंद झाला.

आता तुझा दुसरा मुद्दा, की जुनं काही इथे मोठ्या पडद्यावर लागतच नाही. लागतं, पण फार क्वचित. दिग्दर्शक श्याम बेनेगलांचा १९७६ चा 'मंथन', ज्याला गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले होते, तो दुरुस्त होऊन २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर आपल्याकडच्या थिएटरांतही लागला. अशा बातमीवर डोळा ठेव. नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीत पुण्याच्या चित्रपट महोत्सवाचा पास काढ. तिथे दिवसाला पाच सिनेमे बघणारे भेटतील. तू तीन बघ आणि मधल्या वेळात जेव.

आणि थिएटरने नाही लावला तर आपण लावायचा. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात तू कितीदा गेलास, मला माहीत आहे, फोटो बघतो मी. फाळक्यांचा एक तरी सिनेमा पाहिलास? माणूस त्र्यंबकेश्वरला जन्मला, १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागल्यावर बिऱ्हाड घेऊन नाशकात आला, इथेच पुढचे सिनेमे केले आणि १९४४ मध्ये इथेच वारला. हजाराहून जास्त भारतीय मूकपटांतले मोजकेच उरले. त्यात १९१९ चा 'कालिया मर्दन' बराचसा शिल्लक आहे. त्याच्या सुरुवातीला फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी नुसता चेहरा दाखवते. हसते, रुसते, घाबरते. मग तीच कृष्ण होऊन येते. मोबाइलवर तो चेहरा नखाएवढा दिसतो. गच्चीवर चादर बांध, कुणाचा तरी ऑफिसचा प्रोजेक्टर माग आणि शेजारच्या पोरांना बोलाव. त्या चेहऱ्यावर पोरं हसतात का, बघ. फाळक्यांच्या सिनेमांवर आता कुणाचा हक्क नाही, तेव्हा परवानगीची भानगड नाही.

ज्यांचे हक्क अजून कुणाकडे आहेत, त्या सिनेमांना मात्र हक्कदाराला विचारावंच लागतं. पेन ड्राइव्हवर आला म्हणून हॉलमध्ये लावणं, ही चोरी आहे, मग उद्देश कितीही थोर असो. सरळ मेल लिही. नव्या दिग्दर्शकांपैकी कुणी ना कुणी सिनेमाही देतं आणि जाण्यायेण्याचं भाडं दिलंस तर गप्पा मारायला स्वतः येतं. पहिल्या वेळी अकरा माणसं येतील, त्यातली तीन चहासाठी. मोजू नकोस. पुढच्या महिन्याची तारीख मात्र त्याच दिवशी जाहीर कर. आमची सोसायटी पैशाअभावी बंद पडली असं लोक म्हणतात. खरं म्हणजे आम्ही दोन महिने तारीख जाहीर केली नाही, आणि लोकांना रविवारी संध्याकाळी दुसरं काही करायची सवय लागली.

या शुक्रवारी एक नवा मराठी सिनेमा लागतोय. नट ओळखीचे नाहीत, पोस्टर वाईट आहे, शो सकाळी साडेनऊचा, एकच. आज रात्री चार तिकिटं काढ: तू, मी, तुझा तो 'ओटीटीवर येईलच' म्हणणारा मित्र आणि काकू. आठ वाजता मिसळ खाऊ, मग जाऊ. काकूला अजून विचारलेलं नाही. मिसळीचं तेवढं सांगितलंय.

तुझा,
काका