चादर लावली तर उकडतं, काढली तर उजेड

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर राहतो. बेडरूमच्या खिडकीसमोरच खांब आहे आणि त्याच्यावरचा पिवळा दिवा जाऊन पांढरा एलईडी आल्यापासून उजेडाचा चौकोन बरोबर माझ्या उशीवर पडतो. मिस्टर घोरत पडतात, मला मात्र दोन-तीनला जाग येते ती येतेच. खिडकीला चादर बांधली तर उकडून जीव जातो. काय करू?

उत्तर: ताई, मिस्टरांना झोप लागते म्हणून तुमचे मनाचे खेळ आहेत असं अजिबात समजू नका, उजेडाचा त्रास माणसामाणसात खूप कमीजास्त असतो. मिटलेल्या पापणीतूनही उजेड आत जातो, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो, त्या निळ्या उजेडानं मेंदूला अजून दिवसच आहे असं वाटतं आणि झोप आणणारं मेलाटोनिन हे शरीरातलं द्रव्य कमी तयार होतं.

पण 42-43 डिग्रीच्या आपल्या उन्हाळ्यात खिडकी बंद करा असं मी सांगणार नाही, उकाड्यानंही जाग येतेच की. दिवा तुमच्या खिडकीपेक्षा उंच आहे, म्हणजे उजेड वरनं तिरका येतो आणि खिडकीच्या वरच्या भागातून येणारा उजेडच खोलीत लांबवर पोचतो. म्हणून वरचा अर्धा भागच झाका. जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून लावा, दोन्ही बाजूंनी वीतभर जास्तच घ्या, नाहीतर कडेच्या फटीतून पट्टा येतो तो नेमका डोळ्यावर. खालनं वारा येऊ द्या. मग रात्री दिवे घालवून उशीवर हात धरून बघा, सावली अजून ठळक पडत असेल तर उशी पायथ्याकडं घ्या, चौकोन पायावर पडला तर पडू दे.

सोबत महापालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज द्या, दिवा काढा म्हणू नका, रस्त्याला उजेड हवाच, फक्त घराच्या बाजूला आडोसा बसवा किंवा दिवा खाली झुकवा एवढंच मागा. शेजारच्या दोन-तीन घरांच्या सह्या घेतल्या तर बरं.

आणि सकाळी उठल्या उठल्या ती चादर बाजूला सारा, सकाळचं ऊन डोळ्यांना मिळालं की रात्रीची झोप वेळेवर येते. हे सगळं करूनही तीन आठवड्यांनी जाग तशीच येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कारण मग कारण दुसरंही असू शकतं.