घरात बोललेल्या वस्तूची जाहिरात टीव्हीवर कशी येते? फोन आपलं बोलणं ऐकतो का?

तुम्ही लिहिलंय की जेवताना गुडघेदुखीचा विषय निघाला आणि रात्री यूट्यूबवर मालिका लावली तर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. दारव्ह्याजवळच्या एका गावात माझं डिश रिचार्ज आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच. पहिल्यांदा आला तो मात्र माझ्याच घरातून.

गेल्या खरिपात कपाशीवरच्या बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावायचे होते. बाबा आणि मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून बोललो, बस. दोन दिवसांनी बाबा टीव्हीवर कीर्तन ऐकत बसलेले आणि मध्येच सापळ्यांची जाहिरात. "याले कोनं सांगतलं बे?"

सांगितलं मीच होतं, पण धुऱ्यावर नाही. नवा टीव्ही आणला तेव्हा यूट्यूबसाठी खातं मागितलं. बाबांचा ईमेल कुठला, मी माझंच टाकलं. त्याच खात्यावरून मी रात्री फोनवर सापळ्यांचे भाव पाहिले, एकरी किती लागतात त्याचा व्हिडिओ पाहिला. फोनवर आणि टीव्हीवर खातं एकच, मग कानाची गरज काय? गावातले कितीतरी टीव्ही मीच असे सुरू करून दिलेत, बापाचा टीव्ही आणि पोराचं खातं. आमच्या गल्लीतल्या एका आजीला रोज पोलीस भरतीच्या क्लासची आणि धावायच्या बुटांची जाहिरात दिसते.

डिशला हे जमत नव्हतं. फ्री डिश घ्या, सिग्नल वरून खाली येतो, घरातून परत काही जात नाही. कोण काय बघतं ते बार्क ही टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी संस्था निवडक घरांत मीटर लावून मोजते, बाकीचा हिशेब त्यावरून. त्यामुळे साबणाची एकच जाहिरात सरपंचालाही आणि सालदारालाही. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला १२ मिनिटांची मर्यादाही आहे (किती पाळतात ते सोडा). आई तेवढ्यात ढोरांना पाणी दाखवून यायची. ऑनलाइन तशी मर्यादा नाही. ५ सेकंदांनी वगळायचं बटण येतं खरं, पण आई फोन कणकेच्या डब्याला टेकवून मालिका बघते आणि हात पिठाचे असले की लांबच लांब जाहिरात शेवटपर्यंत ऐकते. तिला आता एका पाण्याच्या टाकीचे सगळे गुण पाठ आहेत.

तर तुमच्या घरात गुडघ्याबद्दल कोणी फोनवर काही शोधलं का, ते आधी विचारा. पोरं शोधतात आणि विसरतात. शंका असेलच तर अँड्रॉइड १२ पासून माइक चालू झाला की स्क्रीनवर वर कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, त्यावर लक्ष ठेवा.

टीव्हीला वेगळं खातं काढा. गूगल खात्यात 'माय अ‍ॅड सेंटर' आहे, तिथे वैयक्तिक जाहिराती बंद करता येतात. फोनच्या सेटिंगमध्ये गूगलखाली जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक) हटवायची सोय आहे, तीही करा. जाहिराती येतच राहतील, फक्त त्यांचा नेम चुकेल.

तसा तो आताही चुकतोच. सापळे आम्ही शेवटी कृषी केंद्रातून रोखीनं आणले, गूगल खात्याला त्याचा पत्ताच नाही. कपाशीची वेचणी संपून उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर लागल्या, तरी टीव्ही आपला सापळेच विकत होता. बाबा म्हणाले, "याले येवढं समजते, त् हे काऊन नाई समजत?"