पंकचा वेग, रेगेची उसंत: ‘बॅड ब्रेन्स’विषयी वाचकांचे प्रश्न

‘बॅड ब्रेन्स’ हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरातला चार कृष्णवर्णीय वादकांचा बँड. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पंक, म्हणजे रॉकमधलं खडबडीत, बंडखोर संगीत, इतक्या वेगाने वाजवायला घेतलं की त्यातून हार्डकोर नावाचा नवा प्रकार आकाराला आला. त्याच कार्यक्रमात, त्याच वाद्यांवर ते जमैकाचं संथ लयीचं रेगेही वाजवत. या बँडबद्दल आलेल्या प्रश्नांतले काही आज घेतो.

पंक म्हणजे आरडाओरडा आणि रेगे म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचं निवांत संगीत. ही दोन एका बँडमध्ये नांदली कशी? (एक वाचक, सातारा)

रेगे निवांत आहे हा समज आधी सोडून द्यावा लागेल. लय संथ असते, पण शब्द संथ नसतात. जमैकातल्या किंग्स्टनच्या वस्त्यांतली गरिबी, पोलिसांचा जाच, गुलामगिरीची पिढ्यान्‌पिढ्यांची जखम हे सगळं त्या लयीवर गायलं गेलं. पंकच्या पोरांना हे सगळ्यात आधी लंडनमध्ये उमगलं. १९७७ साली तिथल्या रॉक्सी क्लबमध्ये डॉन लेट्स रेकॉर्ड लावायचे. पंकच्या तबकड्या तेव्हा इतक्या थोड्या निघाल्या होत्या की दोन बँडच्या मधल्या वेळात ते रेगेच वाजवत. त्याच वर्षी ‘द क्लॅश’ या लंडनच्या पंक बँडने पहिल्या अल्बममध्ये ज्युनियर मर्विन यांचं ‘पोलीस अँड थीव्हज’ हे रेगे गाणं घेतलं, आणि रेगेचे सर्वांत प्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांनी ‘पंकी रेगे पार्टी’ हे गाणं काढून या दोस्तीवर जाहीर शिक्काच मारला.

‘द क्लॅश’मधली गोरी मुलं रेगेकडे शेजाऱ्यांचं संगीत म्हणून आली होती. ‘बॅड ब्रेन्स’चं तसं नव्हतं. गायक एच. आर. (मूळ नाव पॉल हडसन) यांची आई जमैकाची. मार्ले यांचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिल्यावर चौघांवर त्या संगीताचा आणि रास्ताफारी या जमैकात उगम पावलेल्या धर्मश्रद्धेचा खोल परिणाम झाला. आणि त्यांनी सुरुवातीच्या काळात या दोन संगीतांची मिसळ केलीच नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. एक गाणं पूर्ण पंक, पुढचं पूर्ण रेगे. दोन्हींना स्वतःची जागा मिळाली, म्हणून दोन्ही अस्सल राहिली.

मी गिटार शिकतो. एवढ्या वेगात त्यांचं वाजवणं इतकं स्वच्छ कसं? पंकवाल्यांना तर तीन कॉर्ड पुरतात म्हणतात. (एक विद्यार्थी, पुणे)

कारण पंककडे वळण्याआधी ते जॅझ फ्युजन, म्हणजे जॅझ आणि रॉक यांचं मिश्रण, वाजवत होते. तेव्हा बँडचं नाव ‘माइंड पॉवर’. गिटारवर डॉ. नो (गॅरी मिलर), बेसवर डॅरिल जेनिफर, ड्रम्सवर एच. आर. यांचे धाकटे भाऊ अर्ल हडसन. ‘रिटर्न टू फॉरएव्हर’ आणि ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हे फ्युजन बँड त्यांचे आदर्श. यातल्या ‘महाविष्णू’चे जॉन मॅकलॉक्लिन आपल्याकडे ‘शक्ती’मुळे, झाकिर हुसेन यांच्या साथीमुळे घरोघरी माहीत आहेत. विषम मात्रांचे अवघड तुकडे ज्यांनी घोटून घेतलेत, त्यांना पंकचा साधा चौपदरी ठेका हव्या त्या वेगात नेता येतो. ‘पे टू कम’ हे १९८०चं त्यांचं पहिलं सिंगल सुमारे दीड मिनिटात संपतं, पण त्यातला एकही स्वर चिखलात गेलेला नाही. एच. आर. मंचावर उलटी कोलांटी मारून गाण्याच्या अगदी शेवटच्या ठोक्यावर पाय टेकायचे, असं पाहणारे सांगतात. लय अंगात मुरल्याशिवाय हे होत नाही.

आता रेगेकडे या. तिथला ‘वन ड्रॉप’ ठेका चार मात्रांचा धरला, तर पहिल्या मात्रेवर ड्रम गप्प असतो आणि वजन तिसरीवर पडतं. गिटार मधल्या जागांवर तुटक छाटा मारते आणि गाणं खरं तर बेस पुढे नेतो. तबल्यावर रूपक ऐकलेल्यांना हे पटकन कळेल, कारण रूपकातही समेवरच खाली असते. जिथे जोर अपेक्षित, तिथे तो नसतो. ही रिकामी मात्रा सांभाळायची तर चौघांचाही अंदाज तंतोतंत एक असावा लागतो, आणि तोच अंदाज त्यांना पंकच्या वेगात उपयोगी पडला. तुम्ही रोजच्या रियाजात एकदा तरी मेट्रोनोम सत्तरवर ठेवून नुसत्या छाटा मारून बघा. वेगाने वाजवण्यापेक्षा ते कठीण जातं.

‘बॅन्ड इन डी. सी.’ (‘वॉशिंग्टन डी. सी.मध्ये बंदी’) या गाण्यातली बंदी खरी होती का? (एक वाचक, नाशिक)

होती, पण कागदावर नव्हती. कार्यक्रमांत होणारी धुमश्चक्री आणि मोडतोड यांमुळे वॉशिंग्टनचे क्लबमालक त्यांना बोलावायला कचरू लागले. चार कृष्णवर्णीय तरुण पंक वाजवतात हेच काहींना खटकत असणार, असं मला वाटतं. पण थांबून कसं चालेल? १९७९ साली त्यांनी शहराच्या आग्नेय भागातल्या व्हॅली ग्रीन या सरकारी वसाहतीत ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ (वर्णद्वेषाविरुद्ध रॉक) या नावाने उघड्यावर कार्यक्रम केला. इंग्लंडला जायचा प्रयत्नही फसला, तिथे त्यांना देशात घेतलंच नाही. शेवटी त्यांनी न्यूयॉर्क गाठलं आणि सीबीजीबी या क्लबात जम बसवला. वॉशिंग्टनला मात्र ते बी पेरून गेले होते. त्यांना पाहून पेटलेल्या मुलांत इयन मॅकाय होते, ज्यांनी पुढे ‘मायनर थ्रेट’ हा बँड काढला, आणि पुढे हार्डकोरचे नावाजलेले गायक झालेले हेन्री रोलिन्सही होते.

त्यांची गाणी सतत देव, एकता आणि सकारात्मक विचार यांबद्दल बोलतात. वागणंही तसं होतं का? (एक वाचक, पणजी)

या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवं: नेहमी नव्हतं.

सकारात्मक विचाराचा धागा रास्ताफारीच्याही आधीचा आहे. नेपोलियन हिल यांच्या स्वयंविकासाच्या पुस्तकातून एच. आर. यांनी ‘पॉझिटिव्ह मेंटल अॅटिट्यूड’ ही कल्पना उचलली आणि ‘अॅटिट्यूड’ या गाण्यात तिची ‘पी. एम. ए.’ अशी घोषणा झाली. पंकमध्ये तेव्हा ‘सगळं मरू दे’ असा सूर प्रबळ होता. त्यात हे पोरगं जीव तोडून सांगत होतं की मन खंबीर ठेवा. आजही जगभरचे हार्डकोर ऐकणारे ती तीन अक्षरं अंगावर गोंदवून घेतात.

पण १९८२ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये ‘बिग बॉइज’ या स्थानिक बँडचा गायक समलिंगी असल्याचं कळल्यावर ‘बॅड ब्रेन्स’ने त्याच्याशी अत्यंत अपमानास्पद वर्तन केलं. ज्यांनी पाहुणचार केला त्यांच्याशीच हे वागणं. ती बातमी अमेरिकेच्या पंक वर्तुळात पसरली आणि अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, ती रास्तच होती. नव्याने पत्करलेल्या श्रद्धेचा कडवेपणा त्यामागे होता. जेनिफर यांनी पुढे मुलाखतींतून त्या काळातल्या वृत्तीबद्दल खेद व्यक्त केला. मला हा बँड मनापासून प्रिय आहे आणि म्हणूनच ही गोष्ट झाकून त्यांची ओळख करून देणं मला मान्य नाही.

इतका प्रभाव असूनही ते मोठे का झाले नाहीत? (एक वाचक, ठाणे)

कारण संधी दारात आली की बँड मोडायचा. बहुतेक वेळा एच. आर. बाहेर पडत. त्यांना रेगेच करायचं होतं, इतरांना जोरकस रॉकही हवं होतं. १९८३ च्या ‘रॉक फॉर लाइट’ची निर्मिती ‘द कार्स’ या लोकप्रिय रॉक बँडचे रिक ओकासेक यांनी केली, म्हणजे नावाजलेला माणूस पाठीशी होता. तरी त्यानंतर फूट पडली. पुन्हा एकत्र येऊन १९८६ ला ‘आय अगेन्स्ट आय’ केला. त्याच सुमारास एच. आर. यांना गांजाच्या प्रकरणात तुरुंगात जावं लागलं, आणि ‘सेक्रेड लव्ह’ या गाण्याचा आवाज त्यांनी तुरुंगातून फोनवर गाऊन दिला. रेकॉर्डवर तो फोनचा चिरका, दबलेला पोत स्पष्ट ऐकू येतो.

पुढचा ‘क्विकनेस’ १९८९ चा. १९९३ मध्ये ‘एपिक’सारख्या मोठ्या कंपनीने ‘राइज’ काढला, तर त्यावर एच. आर. नव्हते, इस्रायल जोसेफ आय गायले. १९९५ ला मूळचे चौघे मॅडोना यांच्या ‘मॅव्हरिक’ कंपनीत आले, ‘गॉड ऑफ लव्ह’ निघाला, आणि त्याच दौऱ्यात एच. आर. यांनी कॅन्ससमध्ये प्रेक्षकांवर हल्ला केल्याने त्यांना अटक झाली. एच. आर. यांचा मानसिक आजार पुढे सर्वांना कळला. त्यांच्या वर्तनाकडे नुसता लहरीपणा म्हणून पाहणं अन्यायाचं होईल. २०१७ मध्ये असह्य डोकेदुखीसाठी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रियाही झाली. त्याआधी २०१५ च्या शेवटी डॉ. नो यांचं हृदय बंद पडून ते मरणाच्या दारातून परतले.

आणि तरी त्यांच्या शिष्यांनी त्यांना विसरू दिलं नाही. न्यूयॉर्कच्या दिवसांत त्यांना ऐकत वाढलेले ‘बीस्टी बॉइज’ या रॅप बँडचे अॅडम यॉक यांनी २००७ साली ‘बिल्ड अ नेशन’ची निर्मिती केली. यॉक २०१२ मध्ये गेले. त्याच वर्षी आलेल्या ‘इन्टू द फ्यूचर’ या अल्बममध्ये बँडने त्यांना आदरांजली वाहिली.

सुरुवात कुठून करू? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

१९८२ चा पहिला अल्बम, ‘बॅड ब्रेन्स’ याच नावाचा. ‘आर. ओ. आय. आर.’ या कंपनीने तो फक्त कॅसेटवर काढला होता. पिवळ्या वेष्टनावर अमेरिकी संसदेच्या घुमटावर कोसळणारी वीज आहे, तेवढं पाहून ओळखाल. गाणी उलटसुलट करून ऐकू नका. ‘बॅन्ड इन डी. सी.’च्या मागोमाग ‘जा कॉलिंग’ येतं (‘जा’ म्हणजे रास्ताफारींचा देव), आणि घामाघूम झालेला कान एकदम त्या मोकळ्या, शब्दांविना वाजणाऱ्या रेगेत उतरतो. हा क्रम बिघडला तर अर्धा अल्बम हातचा जातो. शेवटाकडचं सहा मिनिटांहून लांब ‘आय लव्ह आय जा’ एका बैठकीत ऐका आणि बेसकडे कान द्या.

त्यानंतर ‘आय अगेन्स्ट आय’. इथे रेगे आणि पंकच्या जोडीला फंक आणि हेवी मेटल आले आहेत. मिसळ खरी सुरू होते ती या अल्बमपासून. ‘री-इग्निशन’ ऐकलंत तर पुढच्या दशकातल्या कितीतरी बँडचं मूळ सापडेल. ‘रॉक फॉर लाइट’ घेताना मात्र कोणती आवृत्ती आहे ते तपासा. १९९१ ला तो पुन्हा मिक्स करताना वेग आणि पट्टी दोन्ही वाढवली गेली, गाण्यांचा क्रमही बदलला. मला १९८३ चं मूळ मिक्स जास्त भावतं, कारण त्यात एच. आर. यांचा आवाज त्यांच्या स्वतःच्या पट्टीत आहे.