८५ मिमी लेन्सवर एफ १.८ ला (म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून) मॅन्युअल फोकस केला की डोळे सॉफ्ट, म्हणजे धूसर येतात. बेळगावजवळच्या राजहंसगडावर पोर्ट्रेट काढायचेत, काय करू?

फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) दीड मीटरवरून ८५ मिमी, एफ १.८ म्हणजे शार्प पट्टा, म्हणजे पुढून मागं जेवढं स्पष्ट येतं तेवढा भाग, जेमतेम ३ सेंटिमीटर. पापण्या शार्प आणि कान सॉफ्ट, हे व्हायचंच. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरवर मात्र विसंबू नका. इतका अरुंद पट्टा त्यात दिसतच नाही, चित्र आहे त्यापेक्षा शार्प भासतं. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) लावा, कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर पूर्ण झूम करा आणि पापणीचा एकेक केस सुटा दिसेपर्यंत रिंग हळू फिरवा. रिंग जरा पुढं नेऊन परत मागं आणलीत की नेमकी जागा सापडते. फोकस पीकिंग (शार्प कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) फक्त अंदाजाला.

येळ्ळूरच्या त्या गडावर वारा चांगलाच लागतो. उभा माणूस नकळत डुलतो आणि ३ सेंटिमीटर तिथंच संपतात. त्याला तटाला टेकवा नाहीतर सरळ बसवा. फ्रेम आधी ठरवा, फोकस नंतर. फोकस झाल्यावर कॅमेरा वळवू नका. चार-पाच फोटो सलग घ्या. आणि एफ २.८ वर एकदा काढून बघाच: पट्टा ५ सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि मागची शिवारं तरीही छान धूसर राहतात.