वाचकांचे प्रश्न : जुना ट्रॅक्टर रोटाव्हेटरला दम का सोडतो?

प्रश्न : आमचा तीन सिलिंडरचा ३५ एचपी ट्रॅक्टर १८ वर्षांचा झाला. पाच फुटी रोटाव्हेटर पूर्वी सहज ओढायचा. आता भारी काळ्या रानात दम सोडतो आणि काळा धूर ओकतो. मिस्त्री म्हणतात, डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवू. वाढवावं का?
— एक वाचक, ता. कोपरगाव

उत्तर : नका वाढवू. काळा धूर याचा अर्थ आत्ता जातंय तेवढंही डिझेल नीट जळत नाही. एक किलो डिझेल जळायला हिशेबाने साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर न होता जळायचं तर अठरा-वीस किलो. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की ताकद नाममात्र वाढते, उष्णता मात्र भरपूर वाढते. पिस्टनचा माथा भाजतो, रिंगा काजळीने चिकटतात आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं.

सुरुवात एअर क्लीनरपासून करा. ऑइलचा असेल तर खालचं भांडं उतरवून तळाला बोट लावून पाहा. अर्धा इंच गाळ बसला असेल तर ऑइल बदलायची वेळ टळून गेलेली आहे. वरची जाळी डिझेलमध्ये धुवा, पूर्ण निथळू द्या आणि भांड्यात इंजिन ऑइल खुणेपर्यंतच भरा. कमी भरलं तर धूळ आत जाते आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) खाते. जास्त भरलं तर इंजिन ते ऑइलच ओढून घेतं आणि बेफाम पळू शकतं, मग चावीने किंवा स्टॉपने थांबत नाही. रोटाव्हेटरच्या दिवसांत हे रोज सकाळी पाहायचं काम आहे. क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीपर्यंतचा) रबरी पाइपही काढून आतून पाहा. जुन्या पाइपचं आतलं अस्तर सुटतं आणि इंजिनाने जोरात हवा ओढली की मिटतं. बाहेरून पाइप धडधाकट दिसत असल्याने हा दोष महिनोन् महिने सापडत नाही.

मग नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारी तोटी. इंजिन मंद ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करा. हात आणि तोंड लांब ठेवा, दाबाखालचं डिझेल कातडीत शिरतं. चांगल्या सिलिंडरचा नट सैल होताच इंजिन लंगडं चालतं. ज्या नटाने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर नुसता ओझं आहे. तिन्ही नोझल टेस्टरवर दाबून घ्या : कंपनीने दिलेल्या दाबाला उघडले पाहिजेत, फवारा धुक्यासारखा हवा आणि टोकाशी थेंब राहता कामा नये. टॅपेटचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं) अंतर आणि पंपाचं टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायची वेळ, त्याच वेळी तपासा. टायमिंग मागे पडलं तरीही काळा धूर येतो आणि दम जातो. पंप काढावा लागलाच तर तो बेंचवर कॅलिब्रेट करून, तिन्ही सिलिंडरना सारखं डिझेल लावून, सील मारूनच घ्या. ट्रॅक्टरवर कानाने पंप लावू देऊ नका.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर गरम इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून फुसफुस वाफ येत राहिली तर रिंग-लायनर गेले आहेत. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) मोजून घ्या आणि रिंग-लायनरचं नवं किट टाकायची तयारी ठेवा.

एक गोष्ट ट्रॅक्टरच्या मागे आहे. रोटाव्हेटरची पाती झिजून बोथट झाली की तेच रान कितीतरी जड जातं. इंजिन उघडण्याआधी पाती पाहा.

प्रश्न : धूर अजिबात नाही, पण वीस मिनिटं चाललं की ट्रॅक्टर ढिला पडतो. थोडा वेळ थांबवला की पुन्हा चांगला चालतो.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : धूर नसताना दम जात असेल तर डिझेल कमी पोहोचतंय. ट्रॅक्टर ढिला पडताच टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज होऊन इंजिन सुधारलं तर झाकणाचं हवेचं छिद्र मातीने बुजलंय. तारेने मोकळं करा. नसेल तर फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) जाळी, दोन्ही डिझेल फिल्टर आणि पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (जादा डिझेल परत सोडणारा) याच क्रमाने पाहा.

प्रश्न : गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाचा) स्क्रू सोडून २२०० ऐवजी २५०० आरपीएम केले तर? आणि टर्बो बसवता येईल का?
— एक वाचक, ता. माढा

उत्तर : आरपीएम वाढवू नका. पिस्टन-कनेक्टिंग रॉडवरचा झटका वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे या बदलाने जवळपास २९ टक्के. जुने रॉड-बोल्ट आणि बेअरिंग त्यासाठी बनलेले नाहीत. आधी ॲक्सिलरेटर पूर्ण ओढल्यावर पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का ते पाहा. दांड्याचे सांधे झिजले की तो अलीकडेच थांबतो, आणि मालकाला वाटतं इंजिनच कमी पडतंय.

टर्बोने हवा खरोखर वाढते, त्यामुळे ताकदही खरी वाढते. पण पिस्टनला खालून ऑइलचा फवारा, टर्बोला स्वतंत्र ऑइल लाइन, मजबूत गॅस्केट, मोठा रेडिएटर आणि जास्त भार पेलणारा क्लच हे सगळं सोबत लागतं. मूळ इंजिनावर नुसता टर्बो चढवला तर आधी गॅस्केट, मग क्लच आणि शेवटी गिअरबॉक्स जातो. शिवाय आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. तुमचं काम सहा फुटी रोटाव्हेटरचं असेल तर ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर भाड्याने घ्या. स्वतःच्या ट्रॅक्टरला पाच फुटीच ठेवा, एक गिअर खाली घ्या आणि भारी रानात खोली कमी ठेवून दोन पाळ्या मारा.